मेणात अडकलेली रक्तवाहिनी

मेणातून आवाज फार लांब जात नाही, म्हणून जरा जवळ या. चौथं कपाट, खालून तिसरा खण, डावीकडून अकरावा ठोकळा. त्या मेणाच्या ठोकळ्यात नखाएवढा एक तुकडा आहे आणि त्या तुकड्यात मी आहे. मी एक रक्तवाहिनी. केसाहून बारीक, अंगानं वाकडी आणि, लपवून काय करू, कामात कच्ची.

माझ्यातून पूर्वी रक्त वाहायचं. आता आत मेण, बाहेर मेण. मला कूस बदलता येत नाही. मी कुजत नाही, वाढत नाही, मरतही नाही. माणसं म्हणतात, तुकडा जसाच्या तसा जपून ठेवलाय. ऐकायला बरं वाटतं. ज्याला जपलंय त्याला मात्र कुणी विचारत नाही.

पण मी तक्रार करायला बसलेली नाही. एकदा मला एक गोष्ट माहीत होती. ती एका बाईला कळायलाच हवी होती, आणि मला तोंड नव्हतं. तेवढंच सांगते.

आमच्या ताईच्या डाव्या स्तनात माझा जन्म झाला. ताई म्हणजे माझी मालकीण. तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणते, म्हणून मीही म्हणते. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळ तिचं यंत्र. ओलं चाक गरगर फिरतं, ती काचेची कड त्यावर हलकेच टेकवते, आणि ती थरथर तिच्या मनगटातून, दंडातून थेट छातीपर्यंत येते. मला डोळे नव्हते, पण थरथरीवरून दिवस कळायचा. सुरू झाली की सकाळ, मध्ये थांबली की जेवण.

काच घासून झाली की ताई ती खिडकीकडे धरायची, हळूहळू फिरवायची आणि कडेवरून अंगठा न्यायची. दुकानात कुणी घाई केली की म्हणायची, "आधी उजेडाला विचारू दे. मग गिऱ्हाईकाला देऊ." तिचा आवाज छातीतून घुमत यायचा. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या भिंतीत मुरलं.

माझ्या जन्माआधी तिथे एक जुनी रक्तवाहिनी होती. सरळ, शांत, भिंती घट्ट. ताईनं मुलीला अंगावर पाजलं तेव्हा तिनं रात्रंदिवस काम केलं होतं. मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी परगावी गेली, आणि ती वाहिनी निवांत झाली. तिच्यापासून थोड्या अंतरावर, दुधाच्या एका बारीक नळीच्या कोपऱ्यात, काही पेशी गर्दी करू लागल्या. थांब म्हटलं तरी थांबेनात. एकीवर एक, एकीवर एक. गर्दी वाढली तशी मधल्या पेशींना प्राणवायू पुरेना. त्या गुदमरल्या, आणि त्यांनी निरोप धाडला.

डॉक्टर लोक त्या निरोपाला रक्तवाहिन्या वाढवणारा घटक म्हणतात. आमच्यासाठी ती हाक असते. तिचा अर्थ एकच: इथे रक्त पोचत नाही, या.

ही हाक मुळात वाईट नाही, हे आधी ऐकून घ्या. ताईचं बोट काचेनं कापलं की हीच हाक जायची. मग नव्या वाहिन्या फुटायच्या, जखम भरायची आणि हाक थांबायची. पोटात बाळ वाढत असतं तेव्हाही हीच हाक असते. हाकेवरून हाक मारणारा ओळखू येत नाही. श्वास कोंडलाय एवढंच कळतं. आणि ज्याचा श्वास कोंडलाय त्याला 'तू कोण, कुठला' असं विचारायची आमच्यात पद्धत नाही.

जुन्या वाहिनीच्या भिंतीतली एक पेशी पुढे सरकली. तिनं बोटं पसरली, हाक कुठून येतेय ते चाचपलं आणि निघाली. तिच्या मागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. त्या रांगेत आतून पोकळी झाली, पोकळीत रक्त शिरलं. ती मी.

मी पोचले आणि त्या गुदमरलेल्या पेशी टवटवीत झाल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! कुणाच्या तरी उपयोगी पडले, असं वाटलं. हाक आता थांबेल म्हणून मी वाट बघत होते.

हाक थांबली नाही.

चांगल्या वाहिनीला बाहेरून आधाराच्या पेशींचं पांघरूण मिळतं. त्याला वेळ लागतो. हाक थांबली की ते निवांत चढतं आणि भिंत घट्ट होते. माझ्यावर ते कधी नीट चढलंच नाही. "आणखी या, आणखी या," एवढंच ऐकू यायचं आणि मी वाढत राहायचे, उघडीच. मध्येच फुगवटा, मध्येच नको तिथे वळण, भिंतीत फटी. माझ्यातून रक्तातलं पाणी बाहेर झिरपायचं. आणि जिथून बाहेर झिरपता येतं, तिथून आतही शिरता येतं.

गाठ वाटाण्याएवढी झाली असेल तेव्हाची गोष्ट. त्यातली एक पेशी माझ्या फटीतून आत आली. तिनं काही विचारलं नाही. प्रवाहात उतरली आणि गेली. कुठे गेली? मला माहीत नाही. आपल्यावरून गेलेला माणूस मुक्कामी पोचला की नाही, हे रस्त्याला कधी कळतं का? अशा बहुतेक पेशी वाटेतच मरतात, असं पुढे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. बहुतेक, म्हणाले. सगळ्या नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी जखम भरायला आलेली नाही. पण परत कशी जाणार? वाहिनीला मागे फिरता येत नाही.

एका सकाळी काच उजेडाला धरताना ताई टेबलाच्या कडेवर ओणवी झाली आणि तिला काहीतरी कडक लागलं. तिनं काच खाली ठेवली. काचेवरचा न दिसणारा ओरखडा शोधणारी बोटं ती, त्यांना फार वेळ लागला नाही.

संध्याकाळी बहीण आली. ही बहीण बोलते फटाफट, पण पोटातून मऊ.

"दुखतंय का गं, ताई?"

"नाही."

"मग एवढी का घाबरलीस?"

"दुखत नाही म्हणूनच. दुखलं असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं."

बहिणीनं तिथल्या तिथे फोन लावून डॉक्टरांची वेळ घेतली. 

पुढच्या तपासण्या झटपट झाल्या आणि शस्त्रक्रियेचा दिवस आला. त्या दिवशी माझ्यात पाच पेशी होत्या. एकीला एक बिलगून, घोळक्यानं, माझ्या एका वळणावर अडकलेल्या. मागून रक्ताचा जोरदार रेटा आला असता तर सुटून पुढे गेल्या असत्या. रेटा आला नाही. चिमटा लागला, रक्त थांबलं, आणि आम्ही तशाच राहिलो. चोर आणि चोराची वाट, दोघांना एकच कोठडी.

बरणीतल्या उग्र वासाच्या पाण्यात मी जिथल्या तिथे आखडले. तिथून आम्ही प्रयोगशाळेत आलो. तिथल्या डॉक्टरांनी गाठीच्या पातळ चकत्या केल्या. ताईचे एकूण सात तुकडे निवडले. प्रत्येक तुकड्याची कुठली बाजू बघायची ते त्यांनी ठरवलं आणि तिच्या उलट बाजूला पिवळ्या शाईचा एक ठिपका दिला. या प्रयोगशाळेचा नियमच तसा आहे: ठिपका वर, तोंड खाली. तुकडा धातूच्या साच्यात ठेवतात, वरून पातळ मेण ओततात आणि गार करतात. साच्याच्या तळाला जी बाजू टेकते, तिच्यावर पुढे सुरी चालते.

सातव्या तुकड्यात मी अगदी तोंडाशी होते. नियमानं सगळं झालं असतं तर सुरी आधी माझ्यावरच आली असती.

मेणाचं काम बाई करायच्या. त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी तुकडे मेणात बसवले आणि कापले. हात असा की कागदाच्या जाडीच्या वीस-पंचवीस भागांतला एक भाग होईल इतकी पातळ चकती त्या सहज काढायच्या. एकच खोड होती. चष्मा सैल होता. तो सारखा नाकावरून घसरायचा आणि हात गुंतलेले असले की त्या मनगटाच्या पाठीनं तो वर ढकलायच्या.

"बाई, तो चष्मा दुरुस्त करून घ्या की," कपाटवाले काका म्हणायचे. ठोकळे कपाटात लावून ठेवायचं काम त्यांचं.

"तुमच्या कपाटाचं दार आधी दुरुस्त करा. बंद करताना अख्खी इमारत दचकते."

"दाराला निदान नाक नाही."

माझी पाळी आली तेव्हा असंच काहीतरी चाललं होतं. बाईंनी मला चिमट्यात धरलं, ठिपका बघितला, साच्यातल्या गरम मेणात सोडलं. तेवढ्यात चष्मा घसरला. त्यांनी मनगट वर नेलं. चरबीचा तुकडा तो, हलका. मेणात हलला, कडेनं उभा राहिला आणि दुसऱ्या अंगावर पडला. बाईंनी चष्म्यातून परत पाहिलं तोवर वरून मेण आलं होतं. दुधाळ, गार होत जाणारं.

मी उलटी बसले होते. ठिपका खाली, तोंड वर. सुरीपासून सगळ्यात लांब.

मी ओरडले. म्हणजे ओरडायला पाहिजे तेवढं सगळं माझ्या अंगात आलं, आणि मेण घट्ट झालं.

पुढे बाईंची दुसरी सवय आड आली, आणि खरं म्हणजे ती चांगली सवय होती. ठोकळा कापायला घेतला की तुकड्याचा पुरा चेहरा लागेपर्यंत वरचे बरेच थर काढून टाकायचे असतात. बाईंचा जीव व्हायचा नाही. "कुणीतरी अंगातून काढून दिलंय, आणि मी ते केरात टाकू?" असं म्हणत त्या दोन-चार थर काढून लगेच चकती घ्यायच्या. बाकीचा तुकडा जपायच्या, पुढे कधी लागला तर असावा म्हणून. त्यामुळे सुरी माझ्यापर्यंत पोचलीच नाही. वरच्या वर एक चकती निघाली, काचेवर गेली, रंगली, डॉक्टरांकडे गेली.

सूक्ष्मदर्शकातून डॉक्टरांना काचेच्या एका टोकाला पिवळट रेघ दिसली. "शाई वाहिलेली दिसतेय," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी पुढची काच लावली. त्यांच्यासमोर त्या दिवशी काचांचे तीन ट्रे होते.

अहवालात लिहिलं गेलं: गाठ लहान. काखेतल्या ग्रंथी स्वच्छ. रक्तवाहिन्यांमध्ये पेशी दिसल्या नाहीत.

दिसल्या नाहीत, हे खरंच होतं.

आणि मला खणात ठेवलं. ताईचे सात ठोकळे ओळीनं, त्यात मी शेवटची. माझ्या पलीकडे काकांनी एक बोटभर जागा मोकळी सोडली.

"ही जागा कशाला सोडता हो?" बाईंनी एकदा विचारलं होतं. "कपाटं भरून वाहतायत."

"त्याच माणसाचा पुढे आणखी एखादा ठोकळा आला, तर शेजारी ठेवता यावा म्हणून," काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "नाही आला तर उत्तमच."

त्या अंधारात मी आणि त्या पाच जणी. त्यांना आता कुठेच जाता येत नव्हतं, पण त्यांच्या आधी गेलेल्यांचं काय? तिकडे ताईला कुणीतरी सांगितलं असणार की वाहिन्यांत काही नाही. त्या भरवशावर ती यंत्र पुसायला घेईल. तिच्या अंगात एखादी पेशी कुठे दबा धरून बसली असेल, तर तिला मारायचं औषध द्यायची वेळ निघून जाईल. याचा पुरावा माझ्या पोटात होता. लोकांना सुरीची भीती वाटते. मी मात्र रोज सुरीची वाट बघत होते. मला कापा, अजून कापा, वाचवू नका मला, असं मनातल्या मनात म्हणत होते. खण उघडायचा, कुणाचा तरी हात माझ्यावरून जायचा, शेजारचा ठोकळा उचलायचा, आणि दार धाडकन बंद व्हायचं.

पाचव्या आठवड्यात तो आवाज आला. छातीतून नाही, आता बाहेरून. तरी मी ओळखला.

"कशाला हा खटाटोप?" ताई म्हणत होती. "डॉक्टर म्हणालेत ना, गोळ्या पुरे. सोमवारी मी दुकानात जाणार आहे. काचा साठल्यात."

"एका ओरखड्यासाठी तू अख्खी काच कारखान्याला परत पाठवतेस," बहीण म्हणाली. "आणि स्वतःच्या जिवाचं एका माणसानं बघितलं की झालं? दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला काय जातंय?"

"तुझी बडबड ऐकावी लागते, ते जातंय."

काकांनी खण ओढला. "ठोकळे न्यायचेत ना? इथे सही करा. आणि उन्हात ठेवू नका. मेण आहे, वितळलं तर मला बोलायचं नाही."

"आम्ही काय गच्चीवर वाळत घालणार आहोत का, काका?"

काकांनी सातही ठोकळे टेबलावर मांडले. ताईनं मला उचललं. पाच आठवड्यांनी तिचा हात. मेणाला तिच्या बोटांची ऊब लागली, आतपर्यंत नाही, पण वरवर लागली. मी तिचीच होते आणि तिला ते कळायला काही मार्ग नव्हता. ती नुसती बघत राहिली.

"एवढंसं," ती म्हणाली. "एवढ्याशासाठी एवढं सगळं."

आता ती मला खाली ठेवणार, असं वाटलं. पण सवय कुठे जाते? तिनं मला खिडकीकडे धरलं. हळूहळू फिरवलं. कडेवरून अंगठा नेला. मग दुसरा ठोकळा उचलला, तिसरा, असे सहाही बघितले आणि पुन्हा माझ्याकडे आली.

"काका, हा पिवळा ठिपका कसला?"

तिळाएवढा राहिला होता तो. बाईंनी जास्त थर काढले असते तर तोही गेला असता. त्यांच्या ज्या काटकसरीनं मला लपवलं, तिनंच तो ठिपका शिल्लक ठेवला होता.

"असेल काहीतरी रंगाचा," काका म्हणाले.

"बाकी सहांच्या तोंडावर नाही. याच्याच आहे."

"ताई, ते चष्म्याच्या काचा नाहीयेत," बहीण म्हणाली. "चल आता."

"थांब गं. सात नगांत एक वेगळा निघाला की मी विचारतेच."

काकांनी बाईंना हाक मारली. बाई हात पुसत आल्या. मनगटानं चष्मा वर केला, मला हातात घेतलं, आणि ठिपक्यावर अंगठा टेकवला.

तो क्षण मला जन्मभर पुरेल. बाईंना सगळं कळलं होतं. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून तुकडा उलटा बसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "काही नाही, शाई आहे," एवढे चार शब्द त्या बोलल्या असत्या तर मी पिशवीत पडून निघून गेले असते. दुसरीकडेही कुणी वरवरची चकती घेतली असती तर तेच दिसलं असतं. समोरच्या दोघींना यातलं काही कळणार नव्हतं. काका दाराकडे बघत होते. बाईंचा अंगठा ठिपक्यावर होता. तो त्यांनी तिथेच ठेवला असता तर संपलंच होतं.

त्यांनी अंगठा काढला.

"हा ठोकळा आज देता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"का? सही झालीय," बहीण म्हणाली.

"हा उलटा बसलाय. जी बाजू बघायची होती, ती बघितलीच गेलेली नाही. माझ्या हातून झालंय."

"म्हणजे? पाच आठवडे आम्ही..." बहिणीचा आवाज चढला. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?"

"कळतंय," बाई म्हणाल्या. "म्हणूनच बोलतेय."

 ताईनं फक्त विचारलं, "किती दिवस लागतील?"

"दोन. मी स्वतः करते."

त्याच दुपारी बाईंनी मला वितळवलं. मेण सैल झालं आणि कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाखाली जागा झाली. मी तरंगले. वाटलं, अशीच सुटून जावं. कुठे जाणार होते म्हणा! बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला, डोळे अगदी साच्याजवळ आणले आणि मला तोंड खाली करून तळाशी घट्ट दाबून धरलं. गार होईपर्यंत चिमटा सोडला नाही. मी पुन्हा अडकले. पण या वेळी योग्य बाजूला.

मग सुरी आली. एक थर, दुसरा थर, आणि मी पातळ होऊन निघाले. मेणाची ती फीत कोमट पाण्यावर पसरली, माझ्या सगळ्या सुरकुत्या गेल्या. बाईंनी मला काचेवर अलगद उचललं. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाबरोबर आणखी एक रंग लावला. तो फक्त वाहिनीचं अस्तर तपकिरी करतो, म्हणजे ही खरोखर वाहिनी आहे की नुसतीच फट, ते कळतं.

डॉक्टरांनी काच लावली. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग मान न उचलताच म्हणाले, "बाई, पाच आहेत."

"ती पिवळी रेघ तुम्हालाही दिसली होती ना?" बाईंनी विचारलं.

"दिसली होती," डॉक्टर म्हणाले. "तेही अहवालात लिहितो."

दोन दिवसांनी त्या दोघी पुन्हा आल्या. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला बघता येईल?"

तिला सूक्ष्मदर्शकाचं चाक कुठलं ते दाखवावं लागलं नाही. ती बसली, डोळा लावला, दोन बोटांनी हलकेच फिरवलं आणि मला नेमकं पकडलं. मी जिच्या रक्तावर जगले, तिनं मला पहिल्यांदा पाहिलं.

"किती वाकडी आहे ही," ती म्हणाली. "ही वाट माझ्याच अंगानं बांधली?"

"हो. गाठीनं हाक मारली. तुमच्या शरीराला वाटलं, जखम आहे. ते मदतीला गेलं."

"ती हाकच बंद करता येत नाही का?" बहिणीनं विचारलं. आज तिचा आवाज अगदी लहान होता.

"तसं औषध आहे, काही आजारांत देतात. पण एक हाक बंद केली की गाठ दुसऱ्या तऱ्हेनं हाक मारायला शिकते. तुमच्या ताईंना ते नाही देणार बहुतेक. सलाईनमधून द्यायचं नेहमीचं औषध आहे, कुठे पेशी दडल्या असतील तर त्यांच्यासाठी. त्यांचे डॉक्टर ठरवतील. अजून वेळ गेलेली नाही, एवढं मी सांगतो."

ताईनं डोळा काढला नव्हता. तशीच म्हणाली, "त्या औषधानं बोटं बधिर होतात म्हणे."

"काहींची होतात. बऱ्याच जणांची हळूहळू सुधारतात."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची नाही."

 माझ्या आतल्या त्या पाच जणी काचेखाली गपगार पडून होत्या. ताईनं अंगठा तर्जनीवर घासला, एकदा, दोनदा. कड तपासताना घासते तसा.

"सोमवारी दुकानात जाऊन सांगते मग," ती म्हणाली, "की काही महिने येत नाही."

जाताना दारात बाई उभ्या होत्या.  चष्मा घसरला, मनगट वर गेलं. ताई थांबली.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"काय?"

"चष्मा. द्या."

तिनं पर्समधून काडीएवढा पेचकस काढला, चष्म्याचे दोन्ही स्क्रू आवळले, दांड्या जरा वाकवल्या आणि तो स्वतःच्या हातानं बाईंच्या नाकावर ठेवला. "मान खाली घाला," म्हणाली. बाईंनी घातली. चष्मा हलला नाही. डोळ्यांतलं पाणी मात्र काचेवर पडलं.

"पुसून घ्या," बहीण म्हणाली. "नाहीतर ताई तेही उजेडाला धरून बघेल."

या गोष्टीला आता चार वर्षं होतील. माझा एक पातळ थर काचेवर आहे, उरलेली मी इथे खणात. त्यानंतर बाई प्रत्येक तुकडा साच्यात ठेवताना मोठ्यानं म्हणायच्या, "ठिपका वर, तोंड खाली." सकाळभर ते ऐकू यायचं. काका चिडवायचे, "जप चाललाय का?" तरी त्या म्हणायच्याच.

ताईची बातमी मला बाईंकडूनच कळायची. त्या चष्म्याच्या निमित्तानं त्या दुकानात जाऊन यायच्या. औषध पुरं झालं, म्हणाल्या. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. ताई यंत्रावर परत बसते. बोटांची टोकं अजून बधिर आहेत, म्हणून काचेची कड आता ओठाला लावून बघते. "ओठांना जास्त कळतं," असं सगळ्यांना सांगते आणि हसते.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. आता माझ्यापर्यंत बातमी आणणारं कुणी नाही. माझ्यातून त्या पाच जणींच्या आधी किती गेल्या, हे मला कधीच मोजता आलं नाही. त्यातली एखादी कुठे जिवंत राहिली का, औषधानं गाठली का, मला माहीत नाही. मी वाट होते. वाटेला एवढंच माहीत असतं की लोक गेले.

मला कळायचा आता एकच मार्ग उरलाय. माझ्या उजव्या अंगाला ती बोटभर जागा आहे. ताईचा आजार परत आला तर नवा ठोकळा तिथे येईल. पलीकडच्या ओळीत अशी एक जागा परवा भरली. काकांनी ठोकळा ठेवला आणि दार, जे ते नेहमी आपटतात, अगदी हळू लावलं. मला ते आवाजावरून कळलं.

इथे अंधार आहे, गारवा आहे आणि हलायला जागा नाही. जन्मभर मी 'या, या' अशी हाक ऐकून धावले. आता मला एकदाच उलटी हाक मारायची आहे. खण उघडणाऱ्या हाता, माझ्या शेजारी कुणाला आणू नकोस. मला सोबत नको. ती बोटभर जागा तेवढी मोकळी राहू दे.